चेहरा कोणाच्या हातचा

मंडाले, दगडकामाची आळी
कसोन महिन्याची पौर्णिमा नुकतीच झाली

दादा,

नमस्कार. तुझं पत्र संगमरवराच्या ट्रकवाल्यानं आणून दिलं, घडीवर चहाचा डाग पाडून. इथे सगळे बरे आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. बाबा गेल्यापासून ‘सगळे’ म्हणजे मी आणि मांजर. मांजर बरं आहे. वहिनीचा गुडघा आता कसा आहे? तिला म्हणावं तिळाचं तेल कोमट करून लाव, आणि चिआंग माईच्या डॉक्टरांच्या नादी लागू नकोस.

फोन का करत नाहीस म्हणून विचारलंस. फोन आळीच्या टोकाच्या दुकानात आहे, आणि मी ‘हॅलो’ म्हटलं की शेंगदाणे सोलत बसलेली दुकानदाराची सासूसुद्धा हात थांबवते. शिवाय फोनवर तू ऐकत नाहीस, नुसता बोलतोस. पत्राला मध्येच तोडता येत नाही. अक्षर तिरकं आहे ते चालवून घे. ह्या डाव्या हातावर तू लहानपणी पट्टी मारायचास, तरी तो काही सुधारला नाही.

पौर्णिमेला बोधिवृक्षाला पाणी घालायला गेले होते. एक घडा बाबांच्या नावानं घातला, एक तुझ्या. तुझ्या घड्याच्या वेळी मागून धक्का बसला आणि अर्धं पाणी माझ्या लुंगीवर सांडलं. तेवढं पुण्य वजा धर.

आता तू लिहिलंस त्याबद्दल. अंगणातल्या बुद्धमूर्तीबद्दल.

तुझ्या हॉटेलवाल्या गिऱ्हाइकाला तिचा फोटो फार आवडला, वाचलं. चेहरा कोरा आहे म्हणूनच आवडला, हेही वाचलं. पोहण्याच्या तलावाशेजारी ठेवणार आहे म्हणे, बायामाणसं ओल्या अंगानं जिथे लोळतात तिथे. आणि तू लिहितोस, चेहरा होत नाही तोवर तो दगडच, दगडाचा कसला मान न् कसला अपमान. खरं आहे. आळीचा नियम तोच. चेहरा उघडेपर्यंत गडी त्याच्या मांडीवर डबा ठेवून जेवतात, खांद्यावर घामाचे पंचे वाळत घालतात. मीही त्याच्या गुडघ्याला टेकून चहापत्तीची कोशिंबीर खाल्ली आहे, कित्येकदा. पण म्हणून तो कुठलाही दगड आहे का रे? सज्यिनच्या संगमरवरी डोंगरात बाबा तीन खेपा घालून आले तेव्हा हा एक तुकडा त्यांना पसंत पडला. हातोडीच्या उलट्या टोकानं वाजवून, कान लावून, पाणी ओतून निवडलेला. खांदे, चिवराच्या चुण्या, जमिनीला टेकलेली बोटं, सगळं त्यांनी पुरं केलं आणि चेहऱ्याला हात लावला नाही. बाकीच्या मूर्तींचा चेहरा आपण थांबवतो तो नेणारं माणूस यावं म्हणून, कुणाला गोल हवा, कुणाला लांबट. हिचा चेहरा थांबला तो तुझ्यासाठी. तुझी टाकी पहिल्यांदा मोठ्या मूर्तीच्या चेहऱ्याला लागणार होती. तू सीमेपलीकडे गेलास, आणि डोकं तसंच राहिलं, सोललेल्या अंड्यासारखं.

तुला सांगायचं राहिलं, परवा सगाईंहून भिक्खुणी आल्या होत्या. गुलाबी चिवरं, डोक्यावर तपकिरी घडी, हातात छत्र्या. टेकडीमागच्या त्यांच्या लहानशा मठात नवी धर्मशाळा बांधलीय, तिथे मूर्ती हवी. म्हाताऱ्या सयाले खेमावती त्यांच्या प्रमुख. मी त्यांना पुढच्या ओळीतल्या मूर्ती दाखवल्या, लाल ओठांच्या, काळ्या भुवयांच्या, अगदी तयार. त्या प्रत्येकीसमोर जरा थांबायच्या, मान हलवायच्या आणि पुढे सरकायच्या. तरण्या भिक्खुणी आपसात खुसखुसत होत्या, हिचं नाक मोठं, तिचे कान बघ. सयाले मागच्या अंगणात गेल्या आणि त्या कोऱ्या डोक्यावर तळवा ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, आम्हाला हीच. मी म्हटलं, सयाले, हिला चेहरा नाही. त्या म्हणाल्या, मला दिसतं गं बाई, मी म्हातारी आहे, आंधळी नाही.

अजून मी त्यांना हो म्हटलेलं नाही. तुलाही म्हटलेलं नाही. पॉलिश बाकी आहे, तेव्हा ट्रकची घाई करू नकोस.

तुझ्या घरातली मूर्ती नीट आहे ना? घर बांधलंस तेव्हा बाबांनी पाठवलेली? साबण लावू नका. अगरबत्ती लांब ठेवा, धुरानं दगड पिवळा पडतो आणि मग कितीही घासलं तरी जात नाही. फुलं सुकायच्या आत काढायची, विशेषतः झेंडू, त्याचा रंग उतरतो. नुसतं स्वच्छ पाणी आणि जुनं मऊ सुती कापड. ओठांचा कोपरा, तुझ्या उजव्या हाताला येतो तो, जरा खोल आहे. तिथे धूळ बसते. कापसाचा बोळा फिरवत जा.

तुझी धाकटी बहीण,
न्वे यी

*

मंडाले
नयोन महिना, वद्य पक्ष

दादा,

हे पत्र तुला ट्रकबरोबरच मिळेल. ट्रकमध्ये काय आहे ते तू पत्राआधी पाहिलं असशील, तर आधी पाणी पी.

घाई करू नकोस म्हणून लिहिलं होतं, तरी तू ट्रक पाठवलास. दोन हमाल, दोर, पेंढा, सगळं जय्यत. बहिणीला विचारावं असं वाटलं नाही तुला. ट्रकवाला बिचारा दारात उभा, म्हणतो, मावशी, मालकांनी सांगितलंय कोरी मूर्ती चढवायची. मी म्हटलं, चढव की. तुझ्या गिऱ्हाइकाला कोरंच हवं आहे ना? म्हणून मी अख्खा कोरा दगड पाठवला आहे. चांगला पांढरा आहे, भेग नाही, उंचीही तेवढीच. त्याला चेहरा नाही, खांदे नाहीत, हातसुद्धा नाहीत. तलावाशेजारी ठेव म्हणावं, जास्तच नवीन वाटेल. हमाल चढवताना एकमेकांकडे बघत होते, मग एकाला हसू फुटलं आणि त्यानं दगड पायावर पाडून घेतला असता.

रागावलास ना? रागाव. मीही तुझं पत्र वाचून आठवडाभर रागावलेली होते.

बाबांच्या मूर्तीचा चेहरा झाला आहे.

कुणी केला विचारशील. आळीतल्या कुणाचं नाव मनात आणत असशील, शेजारच्या ऊ लूनचं बहुतेक. ऊ लूननं नाही केला. मी केला.

हो, मी. बायकांनी घासायचं, पुरुषांनी घडवायचं, हे मला कुणी नव्यानं सांगायची गरज नाही. जन्म घासण्यात गेला. खरखरीत कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक, आणि वर पाण्याची धार, नखांना कायम पांढरी पावडर. महामुनीच्या देवळात पुरुष आत जाऊन सोन्याचा वर्ख लावतात आणि आम्ही कठड्याबाहेर बसून हात जोडतो, तेही मी लहानपणापासून करत आले. तिथे मी काही भांडायला जात नाही. पण हे अंगण माझं आहे.

आधी नाकाचा उंचवटा ठेवला. नाक मोठं ठेवायचं, डोळा बारीक. मोठं लहान करता येतं, लहान मोठं होत नाही, हे बाबा तुला शिकवायचे तेव्हा मी शेजारी बसून घासत असायचे, आणि कान काही घासत नसतात. मग कपाळ, मग गाल, ओठ. डोळे सगळ्यांत शेवटी, अर्धे मिटलेले, खाली बघणारे. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. सोसणारा दगड असतो, पण घाव घालणाऱ्याचेही हात दुखतात, ते कोणी म्हणत नाही.

चेहरा उघडल्या दिवसापासून गडी त्याच्याजवळ डबे ठेवत नाहीत. कुणी सांगितलं नाही त्यांना. आपापले उचलून नळाशी जाऊन बसले. मी काय केलं ते मला तेव्हा खरं कळलं.

आणि ऐक, बाबांची परवानगी नव्हती. शेवटपर्यंत नव्हती. शेवटच्या दिवसांतही ते म्हणायचे, तो येईल, चेहरा त्याच्यासाठी ठेव. तू आला नाहीस. खापर फोडत नाही, सीमा बंद होती, मला ठाऊक आहे. पण तू आला नाहीस हेही खरं, आणि मी बाबांचे पाय एकटीनं धरले हेही खरं. तेव्हा परवानगी मी माझी मीच घेतली, आणि सयालेंना हो कळवलं.

हे काम तू कुठे शिकलीस, असं विचारशील. त्याचं उत्तर आज देत नाही. आज नुसतं एवढंच कळव, दगड पोचला का.

न्वे यी

*

मंडाले
वासो महिन्याची पौर्णिमा झाली, वर्षावास सुरू

दादा,

तुझं पत्र मिळालं. ऊ लूनला लिहिलेलंही मिळालं, कारण त्याला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि त्यानं ते वाचायला माझ्याकडेच आणलं. पुढच्या वेळी कट करायचास तर डोळे धड असलेला माणूस निवड.

दोन्ही पत्रांत तू तेच लिहिलंस. की बाईनं केलेला चेहरा म्हणजे चेहरा नसल्यासारखाच. की मी बाबांचं नाव मातीत घातलं. की भिक्खुणींना कळलं तर त्या मूर्ती परत आणून टाकतील. आणि शेवटी, वर्षावास संपला की मी येतो आणि माझ्या हातानं तो चेहरा तासून काढतो. हे मी वाचून दाखवलं, तेव्हा ऊ लूननं पत्र माझ्या हातातून काढून घेतलं. बरं वाटलं नाही त्यालाही.

तरी भिक्खुणींना सांगायचं तुझं काम त्यानं केलं. म्हातारा शब्दाचा पक्का. सयाले खेमावती मूर्ती न्यायला आल्या, तेव्हा तो मध्ये उभा राहिला आणि म्हणाला की चेहरा ऊ चिट हानच्या हातचा नाही, त्याच्या मुलीच्या हातचा आहे. मी सांगणारच होते, दादा, लपवून देणार नव्हते. पण त्यानं आधी सांगितलं. माझे हात ओले होते, ते मी पुसत राहिले. मला भीती वाटत होती. चेहऱ्याची नव्हे, त्या नाही म्हणतील ह्याची.

सयालेंनी मूर्तीकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. त्यांनी ऊ लूनकडे पाहिलं.

“ऊ लून, तुमचा स्वतःचा चेहरा कुठे घडला?”

ऊ लूननं कान पुढे केला.

“आईच्या पोटातच ना? बाईच्याच हातचं काम की मग. वयानं मोठे म्हणून लोक तुम्हाला नमस्कार करतात, तेव्हा तुम्ही तोंड फिरवता का?”

तरण्या भिक्खुणींनी छत्र्या तोंडापुढे धरल्या. ऊ लून तांबडालाल झाला आणि कोपऱ्यात जाऊन सुपारी शोधायला लागला. सयाले मला म्हणाल्या, चल, दोर आण.

गाडीत चढवताना हमालांनी दोर मानेभोवती घेतला. तेवढ्यात म्हातारा कोपऱ्यातून उठून आला, “अशी बांधतात का रे बुद्धाला?” म्हणून ओरडला आणि स्वतः गाठ सोडून कमरेखालून दोर घेतला. त्यासाठी त्याला मूर्तीच्या अगदी तोंडाशी जावं लागलं. चष्मा नव्हता, म्हणून त्यानं बोटांनी बघितलं. कपाळ, नाक, ओठ. ओठांच्या कोपऱ्यावर त्याचं बोट थांबलं. मग तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “हा कोपरा माझ्या ओळखीचा आहे. चिट हानच्या म्हातारपणच्या सगळ्या चेहऱ्यांना आहे. पण पोरी, तुझा बाप डावखुरा कधीच नव्हता.”

तो म्हणाला, मला बरीच वर्षं संशय होता, भिंतीपलीकडून ठोका ऐकू यायचा तो कामाचा वाटायचा नाही. आणि गाडीवर चढून मूर्तीला धरून सगाईंपर्यंत उभ्यानं गेला, ह्या वयात.

तेव्हा मागच्या पत्रात राहिलेलं उत्तर आता देते.

तू गेलास त्याच वर्षी बाबांचा हात थरथरायला लागला. आधी चहाचा कप, मग टाकी. एका मूर्तीचं नाक गेलं, मग दुसरीचं. त्यांनी मला शेडच्या आत बोलावलं, चटईचा आडोसा केला आणि हातोडी माझ्या हातात दिली. उजव्या हातात दिली, मी डाव्यात घेतली. त्यांनी ती तशीच राहू दिली. मी आत चेहरे करायचे आणि ते दारात बसून एका रद्दी दगडावर ठोकत राहायचे, म्हणजे आळीला वाटावं ऊ चिट हानचं काम चालू आहे. संध्याकाळी दमायचे बिचारे, नुसतं ठोकून ठोकून. लोक लांबून यायचे, म्हणायचे, वय वाढलं तसा तुमच्या बुद्धाच्या चेहऱ्यात किती शांतपणा आला. बाबा मान खाली घालायचे. लोकांना तो विनय वाटायचा.

तुला का नाही सांगितलं? मी म्हणाले होते सांगू या. ते म्हणाले, त्याला कळलं तर तो परत येईल, आणि मन तिकडे ठेवून येईल, तसा मला नको. मला मात्र कसंही चाललं असतं ना, दादा. मी मन कुठे ठेवून काम करते हे कुणी विचारलंच नाही. बाकी सगळे चेहरे माझे आणि हा एक, सगळ्यांत चांगल्या दगडाचा, तुझा. असंच ठरलेलं होतं. त्याचं मला वाईट वाटायचं. अजूनही वाटतं, आणि लिहून टाकल्यावरही काही कमी झालेलं नाही.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सगाईंला भिक्खूंनी गाथा म्हटल्या, मूर्तीची प्रतिष्ठा झाली. मी मागच्या रांगेत होते. पहिलं पाणी सयालेंनी मला घालायला लावलं. आता तो दगड नाही, आणि तुझा नाही, आणि माझाही नाही. टाकी घेऊन येणार असशील तर जरूर ये, पण तिथे दारात चपला काढाव्या लागतात, आणि आत गेल्यावर तुझे हात आपोआप जोडले जातील ते बघ. बुद्धाच्या मूर्तीवर घाव घालणाऱ्याला कुठली गती मिळते ते आपण दोघंही आईच्या मांडीवर बसून ऐकलंय.

भिक्खुणी तिला रोज पहाटे पुसतात. मी त्यांना शिकवून आले. साबण नाही, झेंडू नाही, कापड मऊ, आणि ओठांच्या कोपऱ्यात बोळा.

आता तुझ्या पत्रातली ती शेवटची ओळ. तू लिहिलंस, “बाबांच्या हाताची सर कुणाला येणार नाही. माझ्या घरातल्या मूर्तीपुढे सकाळी बसलो की ह्या चेहऱ्यासमोर मला खोटं बोलवत नाही, बाबाच समोर आहेत असं वाटतं. तसा एक चेहरा करून दाखव, मग माझ्याशी बोल.”

उठ दादा. आत्ता, पत्र हातात घेऊनच जा. समोर मांडी घालून बस आणि ओठांच्या त्या कोपऱ्यावर बोट ठेव, तुझ्या उजव्या हाताला येतो तो.

बाईच्या हातचा चेहरा चालत नसेल, तर सगाईंपर्यंत कशाला येतोस? पहिली टाकी तिथेच लाव. आणि ते जमणार नसेल, तर उद्या सकाळी रोजच्यासारखा वाक, आणि मला कळव.

तू रोज ज्याच्यासमोर खोटं बोलू शकत नाहीस, तो चेहरा घडवणारी,
न्वे यी